कमी तेल देणाऱ्या विहिरी आणि कृत्रिम उपसा : मेहसाण्यातले ते संथ पंप मध्येच थांबून का असतात?

रामदासपेठकर
गेल्या महिन्यात आम्ही अहमदाबादहून मोढेऱ्याचे सूर्यमंदिर पाहण्यास गेलो होतो. मेहसाणा जिल्ह्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, एरंडाच्या शेतांमधून, मान खालीवर करणारे तेलाचे पंप दिसत होते. मी नागपुरात गेली सव्वीस वर्षे जळालेल्या विजेच्या मोटारींचे वाइंडिंग पुन्हा भरून देण्याचा व्यवसाय करतो, त्यामुळे फिरणारे यंत्र दिसले की माझी नजर आधी त्याच्या मोटारीकडे जाते. तिथे पाहिलेल्या बऱ्याच पंपांची गती मला फारच संथ वाटली आणि काही तर चक्क बंद होते. माझा प्रश्न असा की विहिरीत तेल असेल तर पंप इतका सावकाश का चालवतात, मध्येच बंद का ठेवतात, आणि आपल्या बोअरमध्ये सोडतो तसा सबमर्सिबल पंप सोडून हा लोखंडी पसारा टाळता का येत नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

खामला_चौक
दुपारी एक ते चार विश्रांती घेत असतील. आपल्याकडच्या मे महिन्यात मीदेखील मान हलवणे थांबवतो.

जुना_खनिक
मी नोकरीची एकतीस वर्षे गुजरात आणि आसाममधील तेलक्षेत्रांत काढली आणि आता त्रिमूर्तीनगरात राहतो. प्रश्न चांगला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तेलाची विहीर म्हणजे खाली भरलेली टाकी आणि वरून सोडलेली नळी, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तेल खडकाच्या बारीक छिद्रांत असते आणि तिथल्या दाबामुळे ते विहिरीकडे सरकते. दीड हजार मीटर खोलीची विहीर घ्या. तेलाची सापेक्ष घनता ०.८८ धरली, तर विहिरीत तोंडापर्यंत उभ्या असलेल्या तेलाचाच तळावरचा भार सुमारे १३० बार होतो (एक बार म्हणजे साधारण आपल्या हवेच्या दाबाइतका). खडकातला दाब याहून जास्त असेल, तर तेल आपोआप वर येते. वर्षानुवर्षे उत्पादन घेतल्यावर तो दाब समजा ९० बारवर आला, तर तेलाचा स्तंभ तळापासून जेमतेम १,०४० मीटर चढतो आणि तोंडाच्या साडेचारशे मीटर खाली थांबतो. तेल संपलेले नसते, त्याला वर येण्याचे बळ उरलेले नसते. ते बळ बाहेरून देणे म्हणजे आर्टिफिशियल लिफ्ट, ज्याला आपण कृत्रिम उपसा म्हणू.

आता कमी उत्पादकतेची गोष्ट. खडकातला दाब आणि विहिरीच्या तळाचा दाब यांत जितका फरक पाडाल, तितके तेल आत येते. हा फरक एक बारने वाढवला की दिवसाला किती तेल वाढते, त्या आकड्याला उत्पादकता निर्देशांक म्हणतात. तो समजा प्रति बार ०.०५ घनमीटर आहे. मग तळाचा दाब ९० वरून ३० बारपर्यंत खाली आणलात, तरी दिवसाला ३ घनमीटर, म्हणजे एकोणीसेक बॅरल तेल मिळेल. जगातला सर्वांत बलवान पंप आणून बसवला, तरी त्याला खडक देईल तेवढेच मिळणार. रस्त्यावरून आपल्याला जो संथपणा दिसला, तो पंपाचा नाही, खडकाचा आहे.

काटोलचा_बागायतदार
खनिक साहेबांचे शेवटचे वाक्य वाचून मला आमची संत्र्याची बाग आठवली. आमच्याकडे २००४ मध्ये घेतलेल्या बोअरला आरंभी दोन इंच पाणी होते, आता उन्हाळ्यात अर्धा इंचही धड राहत नाही. पाच अश्वशक्तीची मोटार सोडली की वीस मिनिटे पाणी येते, मग नळी फुसफुसते आणि मोटार कोरडी फिरते. दोन मोटारी जळाल्यानंतर मी टायमर बसवला. वीस मिनिटे चालू, दीड तास बंद. शेजाऱ्याने तर मोटार काढूनच टाकली आणि कॉम्प्रेसर बसवला आहे. बारीक नळीने हवा खाली जाते आणि पाणी थुंकल्यासारखे, पण बिनबोभाट वर येत राहते. तेलाच्या विहिरीतही असे काही करतात का?

जुना_खनिक
काटोलकर भाऊ, आपण एका परिच्छेदात अर्धा अभ्यासक्रम सांगून टाकलात. आपल्या शेजाऱ्याचा कॉम्प्रेसर म्हणजे तेलवाल्यांची गॅस लिफ्ट. तेलात हवा सोडली तर आग आणि गंज या दोन्हींचा धोका असतो, म्हणून हवेऐवजी नैसर्गिक वायू वापरतात. केसिंग म्हणजे विहिरीचा बाहेरचा पाइप आणि ट्यूबिंग म्हणजे त्यातली तेल वर आणणारी नळी. या दोहोंमधल्या पोकळीतून वायू खाली जातो, ट्यूबिंगवर बसवलेल्या व्हॉल्व्हमधून आत शिरतो आणि तेलाचा स्तंभ हलका करतो. मुंबई हायवर हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते, कारण समुद्रातल्या फलाटावर जागा कमी असते, विहिरी तिरप्या असतात आणि वायू हाताशी असतो.

आपला टायमर हादेखील आमच्याकडचाच. अशक्त विहिरीत वायू अखंड न सोडता थोड्या थोड्या वेळाने सोडतात. मधल्या काळात तळाशी तेल साचते आणि मग वायूचा एक झोत त्या तेलाचा गोळा उचलून वर आणतो. यात एक खोट आहे. वर येताना त्या गोळ्याचा काही भाग नळीच्या भिंतीला चिकटून मागे घसरतो. यावर उपाय म्हणून वायू आणि तेल यांच्यामध्ये पोलादी दट्ट्या ठेवतात, तो बंदुकीच्या गोळीसारखा वर येतो आणि झोत थांबला की आपल्या वजनाने खाली जातो. जाता-येता नळीला चिकटलेले मेणही खरवडतो, हा वरचा फायदा.

रामदासपेठकर
गॅस लिफ्ट समजली. परंतु सबमर्सिबलचा प्रश्न तसाच राहिला. मोटार आणि पंप एकत्र खाली सोडले, तर मैलभर लांबीचे रॉड हलवण्याची गरजच काय?

यंत्रविचार
याचे उत्तर मी देतो, कारण माझा संबंध पंपांशी आहे. तेलविहिरीतला विद्युत सबमर्सिबल पंप, ज्याला सगळे ईएसपी म्हणतात, तो आर्मेस अरुतुनोफ या रशियन साम्राज्यात जन्मलेल्या अभियंत्याने विकसित केला आणि १९३० मध्ये अमेरिकेतल्या बार्टल्सव्हिल येथे त्याची कंपनी उभी राहिली. तत्त्व आपल्या बोअरच्या पंपाचेच आहे. एकावर एक रचलेले अनेक इंपेलर, म्हणजे पात्यांची फिरती चाके, असतात आणि प्रत्येक टप्पा थोडा थोडा दाब वाढवतो. हा पंप दिवसाला शेकडो, हजारो बॅरल उपसण्यात पटाईत आहे. पण त्याची मोटार पंपाच्या खाली असते आणि तिच्या अंगावरून वर जाणारे तेलच तिला थंड ठेवते. दिवसाला वीस बॅरल देणाऱ्या विहिरीत तो प्रवाह इतका क्षीण असतो की मोटार आपल्याच उष्णतेने भाजते. शिवाय तेलात विरघळलेला वायू दाब कमी होताच बुडबुडे बनून बाहेर पडतो आणि इंपेलरमध्ये कोंडतो. कमी प्रवाहासाठीही ईएसपी बनतात, पण अशा विहिरीत त्यांची कार्यक्षमता उतरते आणि बिघाड झाला की केबलसकट सगळी माळ वर ओढावी लागते. आपण मोटारी भरता, तेव्हा तापलेल्या वाइंडिंगचा वास आपल्याला मी सांगायला नको.

रामदासपेठकर
तो वास हेच माझे उत्पन्नाचे साधन आहे. मुद्दा पटला.

जुना_खनिक
आता त्या लोखंडी पसाऱ्याकडे वळू. आपण पाहिला तो सकर रॉड पंप. वरचा डोलारा बाजूला ठेवला, तर खाली जे आहे ते गावातल्या बोरिंगचेच भावंड आहे. हातपंपात खाली एक फूटव्हॉल्व्ह असतो आणि वरच्या दट्ट्यात वायसर व दुसरा व्हॉल्व्ह असतो. इथे वायसराच्या जागी घासून गुळगुळीत केलेला धातूचा प्लंजर येतो आणि व्हॉल्व्हमध्ये चेंडू बसतो. खालच्याला स्टँडिंग व्हॉल्व्ह आणि प्लंजरबरोबर हलणाऱ्याला ट्रॅव्हलिंग व्हॉल्व्ह म्हणतात. प्लंजर वर गेला की खालचा उघडतो आणि तेल आत येते, प्लंजर खाली आला की खालचा मिटतो आणि तेच तेल प्लंजरमधून वर सरकते. जमिनीवरून खालपर्यंत जोडलेल्या पंचवीस फुटी रॉडांची साखळी हे काम करते. पाऊण इंची रॉडचे वजन मीटरला अडीच किलोच्या जवळपास असते, म्हणजे हजार मीटरवर दोन-अडीच टन. प्रत्येक हेलकाव्यात हे वजन उचलायचे, म्हणून मागे लोखंडी प्रतिभार लावलेले असतात. मोटारीने हे वजन एकटीने उचलायचे म्हटले, तर ती आठवड्यात आपल्या दुकानात येईल.

मोटारीचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट आपल्याला आवडेल. या पंपांना बहुधा जास्त स्लिप असलेली मोटार लावतात. भार प्रत्येक हेलकाव्यात चढतो-उतरतो, भार चढला की ही मोटार थोडी मंदावते, आणि त्यामुळे गिअरबॉक्स व रॉडांवरचा धक्का सौम्य होतो.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाचे गणित. दीड इंची प्लंजर आणि दीड मीटरचा हेलकावा धरला, तर एका हेलकाव्यात सुमारे १.७ लिटर द्रव उचलला जातो. मिनिटाला सहा हेलकावे म्हणजे दिवसाला जवळजवळ पंधरा घनमीटर. आपली विहीर तर तीनच घनमीटर देते! मग पंप सतत सहाच्या गतीने चालवला तर काय होईल? वर जाताना प्लंजरखालची जागा जेमतेम पाचवा हिस्सा भरेल आणि खाली येताना प्लंजर पोकळीतून सुटून द्रवाच्या पृष्ठावर आपटेल. याला फ्लुइड पाउंड म्हणतात. दिवसाला हजारो वेळा तो दणका रॉडांना बसतो आणि एक दिवस सातशे मीटरवर कुठेतरी रॉड तुटतो. म्हणून प्लंजर लहान घेतात, गती कमी करतात आणि तरीही पंप विहिरीपेक्षा चपळ ठरला, तर काटोलकरांसारखा टायमर लावतात. आपण पाहिलेल्या बंद पंपांपैकी काही अशी वाट पाहत असतील.

शंकरनगर_विद्यार्थिनी
काका, मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझा प्रकल्प याच विषयावर आहे, म्हणून एक शंका विचारते. आपण उत्पादकता सरळ रेषेत धरली. पण दाब बुडबुडाबिंदूच्या खाली गेला की वायू सुटतो आणि रेषा वाकते, हे व्होगेल यांनी १९६८ मध्ये दाखवले. त्यांच्या सूत्रानुसार तळाचा दाब खडकातल्या दाबाच्या एकतृतीयांशावर आणला, तर कमाल उत्पादनाच्या ८४ टक्के तेल मिळून जाते. उरलेला एकतृतीयांश दाब उतरवण्यासाठी पंप आणखी खाली न्यायचा, अधिक वायू सहन करायचा, आणि मिळणार फक्त सोळा टक्के. मग कमी उत्पादकतेच्या विहिरीत एवढा अट्टहास कशासाठी करायचा?

जुना_खनिक
शंका रास्त आहे आणि आकडाही बरोबर आहे. वायू असलेल्या विहिरीत मी वापरलेली सरळ रेषा ढोबळच आहे. मात्र हिशेब विहिरीगणिक बदलतो. दिवसाला दोनशे बॅरल देणाऱ्या विहिरीत सोळा टक्के सोडून देणे परवडते, कारण उरलेले एकशे अडुसष्ट बॅरल सगळा खर्च भागवतात. पंधरा बॅरलच्या विहिरीत ते अडीच बॅरलच नफा असतात. म्हणून तिथे पंप शक्यतो, तेल आत यावे म्हणून केसिंगला पाडलेल्या छिद्रांच्याही खाली बसवतात, म्हणजे वायू वरच्या वर केसिंगमधून निसटतो आणि पंपाच्या तोंडी द्रव जास्त येतो. नाहीतर पंपाच्या नळकांड्यात वायूच दाबला-फुगवला जातो, दोन्ही व्हॉल्व्ह मिटून राहतात आणि पंप नुसता हलतो. शेतकऱ्यांचा एअर लॉक तो हाच.

यंत्रविचार
रॉड पंपाचे इतके कौतुक झाल्यावर विरोधी बाजू मांडतो. कमी प्रवाहाच्या, दाट तेलाच्या आणि वाळूच्या विहिरीत मी तरी प्रोग्रेसिंग कॅव्हिटी पंपच निवडेन. फ्रान्सच्या रेने म्वानो यांची ही कल्पना. रबराच्या पोकळीत पोलादी मळसूत्र फिरते आणि द्रवाचे बंदिस्त कप्पे सरकत सरकत वर जातात. व्हॉल्व्ह नाही, दणका नाही, वाळू आली तरी ती तेलाबरोबर निघून जाते. जमिनीवर जागा टेबलाएवढी लागते आणि ऊर्जेचा वापर रॉड पंपापेक्षा कमी. कोळशाच्या थरातला मिथेन काढण्यासाठी आधी पाणी उपसावे लागते, तिथे तर हे पंप सर्रास दिसतात. आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण शहडोलकडचे सोहागपूर क्षेत्र. मेहसाण्याच्या बालोल आणि संथाल क्षेत्रांत तेल इतके दाट आहे की हवा सोडून त्याचा काही भाग जमिनीखालीच जाळतात, म्हणजे उरलेले तापून पातळ होते. दाट तेलात रॉड खाली जाताना तरंगल्यासारखे रेंगाळतात, हे खनिक काका नाकारणार नाहीत.

जुना_खनिक
नाकारत नाही, दाट तेलात रॉड रेंगाळतात. मळसूत्री पंप चांगला आहे, पण त्याचे रबर नाजूक असते. हलक्या तेलातल्या ॲरोमॅटिक घटकांनी ते फुगते, जास्त तापमानाला कडक होते आणि द्रव संपला तर मिनिटांत जळते. कमी उत्पादकतेच्या विहिरीत द्रव संपणे हीच तर रोजची गोष्ट!

माझ्या पाहण्यातला प्रसंग सांगतो. एका क्षेत्रात आमच्या वरिष्ठांनी आठ-दहा घनमीटर उपसणारा पंप तीन घनमीटरच्या विहिरीत बसवण्याचा आग्रह धरला, कारण भांडारात तोच शिल्लक होता. पहिल्या आठवड्यात उत्पादन खरोखरच वाढले, कारण केसिंगमध्ये साचलेले तेल निघाले, आणि त्याचे अभिनंदनाचे पत्रही निघाले. सतराव्या दिवशी रबराचे तुकडे वर आले. पंप वर ओढणारी दुरुस्तीची रिग येण्यास दोन महिने लागले आणि तोपर्यंत ती विहीर शून्य देत होती. ते पत्र मात्र फायलीत तसेच राहिले.

हिशेबनीस
मी या विषयातला नाही, पण एक करदाता म्हणून विचारतो. एकोणीस बॅरलसाठी दिवसभर यंत्र चालवायचे, वीज जाळायची, माणसे ठेवायची, यापेक्षा अशा विहिरी बंद करणेच शहाणपणाचे नाही का?

शंकरनगर_विद्यार्थिनी
विजेचा हिशेब मी करून पाहिला. तीन घनमीटर तेल हजार मीटर उचलण्यास सैद्धांतिक ऊर्जा साधारण साडेसात युनिट लागते. सगळे घर्षण आणि गळती धरून एकूण कार्यक्षमता तीस टक्के मानली, तरी पंचवीस युनिट. एवढी वीज नागपुरात मे महिन्यात एखाद्या घरातले दोन एसी खातात. त्या बदल्यात वर येते जवळजवळ पावणेतीनशे किलो... क्षमस्व, एक दशांश चुकला, सुमारे २,७०० किलो तेल.

जुना_खनिक
मुलीने उत्तर दिले, मी फक्त पुस्ती जोडतो. खरा खर्च विजेचा नसून रिगचा असतो. रॉड तुटला, ट्यूबिंगला भोक पडले, मेण साचले, की वर्कओव्हर रिग आणावी लागते. म्हणून अशक्त विहिरीत एका दिवसात किती तेल आले यापेक्षा दोन बिघाडांमध्ये किती दिवस गेले, हे आम्ही आधी पाहत असू. दुसरे, हिशेबनीस यांनी एकोणीस बॅरल म्हटले, ते सगळे तेल असेलच असे नाही. जुन्या विहिरीत दहापैकी आठ भाग पाणी असू शकते, आणि मग ती विहीर खरोखरच बंद करण्याच्या सीमेवर असते. तरीही बंद करण्याआधी एक प्रश्न विचारावाच लागतो. दोष उपशाचा आहे की वाटेचा? छिद्रांपाशी मेण किंवा क्षार साचले असतील, तर पंप बदलून काहीही होणार नाही, तिथे गरम तेल, आम्ल किंवा खडकाला भेगा पाडणे हाच उपाय. राजस्थानच्या मंगला क्षेत्रातले तेल इतके मेणचट आहे की तिथे गरम पाण्यावर चालणारे जेट पंप वापरले गेले, म्हणजे उपसा आणि शेक दोन्ही एकाच पाण्यात. गुजरातच्या किनाऱ्यापर्यंतची वाहिनीसुद्धा गरम ठेवावी लागते.

सीताबर्डी_टेकडी
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण नागपूरकरांसाठी एक गंमत. सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या बेसाल्टची, त्याच दख्खनच्या लाव्ह्याचा थर खंबातच्या खोऱ्याखाली तळ म्हणून पसरला आहे आणि मेहसाणा, अंकलेश्वर इथले तेल त्यावर साचलेल्या गाळाच्या खडकांत आहे. वडोदऱ्याजवळ पादऱ्याला तर खुद्द बेसाल्टच्या भेगांमध्ये तेल सापडले. आपल्याकडे मात्र त्या पाषाणाच्या भेगांत पाणी शोधण्यातच सगळ्यांचे आयुष्य जाते.

खामला_चौक
म्हणजे खडक तोच, नशीब वेगळे. आमच्या नागपूरच्या एलआयटी या तंत्रज्ञान संस्थेत तेलाचे शिक्षण मिळते हे ऐकून माझ्या मामांनी १९८० च्या सुमारास प्रवेश घेतला आणि चार वर्षे सरकी, जवस व साबण शिकून बाहेर पडले.

यंत्रविचार
इतिहासाचा विषय निघाला म्हणून सांगतो, मान हलवणाऱ्या यंत्राचे आजचे रूप १९२५ च्या सुमारास टेक्सासमधल्या लफकिन येथे वॉल्टर ट्राउट यांनी घडवले.

सीताबर्डी_टेकडी
आजचे रूप म्हटले म्हणून मान्य. तुळई त्याआधीची आहे. केबल टूलने विहीर खणताना जी लाकडी तुळई हत्यार आपटत असे, तिलाच खोदकाम झाल्यावर पंप जोडत. आणि १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात ड्रेकच्या एकवीस मीटर खोल विहिरीतले तेलही आधी हातपंपानेच वर काढले होते. कृत्रिम उपसा म्हातारपणी आला असे म्हणणे अवघड आहे, तो तर बारशालाच हजर होता.

काटोलचा_बागायतदार
खनिक साहेब, पंप विहिरीपेक्षा जास्त उपसतो आहे हे वरून कसे ओळखता? मला तर नळीची फुसफुस ऐकू येते. हजार मीटरवरची आपटणूक तुम्हाला कशी ऐकू येते?

जुना_खनिक
ऐकू येत नाही, लिहून येते. पॉलिश्ड रॉड म्हणजे साखळीतला सर्वांत वरचा, जमिनीवर दिसणारा गुळगुळीत रॉड. त्याच्यावरचा भार आणि त्याची जागा यांचा आलेख काढतात, त्याला डायनॅमोमीटर कार्ड म्हणतात. पंप पूर्ण भरत असेल, तर खालच्या पंपाचे कार्ड चौकोनाच्या जवळ जाते. द्रव अपुरा असेल, तर उजवीकडचा खालचा कोपरा उडालेला दिसतो. वायू असेल, तर तोच कोपरा कापल्यासारखा न दिसता वळण घेतो. रॉड रबरासारखे ताणतात, म्हणून वरच्या कार्डावरून खालचे कार्ड काढणे पूर्वी अंदाजाचे काम होते. गिब्ज यांनी १९६३ मध्ये त्यासाठी तरंग समीकरण वापरले आणि आज पंपाशेजारची पेटी तेच गणित करून, कोपरा उडाला की मोटार बंद करते. म्हणजे आपला टायमर, पण विहिरीला विचारून चालणारा. द्रवाची पातळी मोजण्यासाठी केसिंगमध्ये वायूचा छोटा स्फोटक झोत सोडून प्रतिध्वनी ऐकतात, ट्यूबिंगचा प्रत्येक सांधाही त्यात उमटतो.

काटोलचा_बागायतदार
आम्ही दगड टाकून कान लावतो. त्यात सांधे उमटत नाहीत, शिव्या उमटतात, कारण दगड मोटारीवर पडतो.

रामदासपेठकर
सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्याकडे तीन बंद पंपांचे फोटो आहेत. कोणता टायमरवर थांबला होता आणि कोणता खरोखर बिघडला होता, हे फोटोवरून सांगता येईल का?

जुना_खनिक
खात्रीने नाही. पण फोटो मोठा करून स्टफिंग बॉक्समधून, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी गळती रोखणाऱ्या डबीतून, वर आलेला पॉलिश्ड रॉड पाहा. तो चकचकीत आणि तेलकट असेल, तर पंप नुकताच चालला होता. मळकट, गंजलेला असेल, तर तो बरेच दिवस उभा आहे, म्हणजे रिगची वाट पाहतो आहे किंवा विहीर बंद केली आहे.

रामदासपेठकर
पाहिले. दोन रॉड आरशासारखे चमकत आहेत. तिसऱ्याचा रॉड दिसतच नाही, कारण त्याच्यावर कारल्याचा वेल चढला आहे.

काटोलचा_बागायतदार
कारली लागली असतील, तर त्या विहिरीचे उत्पादन शून्य धरू नका.